फादर, फ्रॉइड आणि माझी फुप्पू

मिरजेत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती लोकांचं नवल नसतं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून गावातल्या कितीतरी घरांची बाळंतपणं, ऑपरेशनं आणि मरणं तिथंच झाली. माझ्या दादीची बाळंतपणं घरी झाली, पण अम्मीच्या वेळेपासून आमचं घर मिशनमध्ये जाऊ लागलं. मीही तिथलीच. त्यामुळे २००९ साली मानसशास्त्रात एम.एस्सी. करायला मी बंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात निघाले, तेव्हा 'ख्रिस्ती' या शब्दाची आमच्या घराला भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्या शब्दाची.

"पागलां की डॉक्टर बनेगी क्या?" असं आमच्या शेजारच्या खालानं विचारलं. मी डॉक्टर होणार नव्हते, पण हा फरक मोहल्ल्यात समजावून सांगणं अवघड होतं. जमातीतल्या एका वडीलधाऱ्यांनी अब्बांना मशिदीच्या पायरीवर थांबवून, पोरीला किरिस्तावांच्या हवाली करू नका, असं बजावलं. अब्बा नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. ते इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचा दाखला देतील असं मला वाटलं होतं. पण आमच्याच मौलानांनी पूर्वी त्यांना सांगितलं होतं की ती हदीस कमजोर मानली जाते. म्हणून अब्बा एवढंच म्हणाले, "बंगळुरू चीनपेक्षा जवळ आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं एका रात्रीचा प्रवास."

हा विषय मी का निवडला ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्याचं कारण माझी फुप्पू.

फुप्पू अब्बांची धाकटी बहीण. लग्न होऊन कर्नाटकात गेली आणि सहा वर्षांनी परत आली. नवऱ्यानं तलाक दिला नाही आणि नांदवायलाही नेलं नाही. १९९९ च्या पावसाळ्यात तिला आवाज ऐकू येऊ लागले. आधी एका बाईचा, मग दोन माणसांचा, तिच्याबद्दलच आपसात बोलणारा. ती न्हाणीघरात तासन्‌तास बसायची. आमच्या ताटात कुणी काही घातलंय म्हणून जेवण फेकून द्यायची. मी तेव्हा अकरा वर्षांची. ती माझी वेणी घालायची, आणि अर्ध्या वेणीत थांबून कुणाला तरी उत्तर द्यायची.

आधी तावीज झाले, मग पाणी फुंकून झालं, मग एका दर्ग्यात नेऊन ठेवायचं ठरलं. दर्ग्याचं नाव लिहीत नाही. मिरजेचा नव्हे, एवढं सांगते. तिथं आजारी माणसांना आवारात ठेवायची रीत होती आणि पळून जाणाऱ्यांच्या पायात साखळी घालायचीही. फुप्पू पहिल्याच रात्री पळाली. जुलै २००१ मध्ये तिच्या पायात साखळी पडली, ती अब्बांच्या समोर आणि अब्बांच्या संमतीनं.

६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तामिळनाडूत एरवाडी इथं एका खाजगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्यानं तिथं असे बरेच आश्रम उभे राहिले होते. पायातल्या साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी शाळेत वर्तमानपत्र वाचलं आणि तासाला न जाता घरी आले. त्यांनी अम्मीला काहीही सांगितलं नाही. पिशवीत एक जोडी कपडे टाकले आणि निघाले. आठवडा संपायच्या आत फुप्पू घरी होती. पायाच्या घोट्याशी कातडं सोललेलं होतं. जखम भरली, पण काळा वण कायमचा राहिला.

मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले आणि हात थरथरू लागले. हात थरथरले की ती गोळ्या सोडायची आणि आवाज परत यायचे. असंच चाललेलं होतं. घरात 'बीमारी' हा शब्दच नव्हता. 'फुप्पू का वो' असं म्हणायचे. त्या 'वो'ला काय म्हणतात ते शिकायला मी चालले होते.

बंगळुरूत पहिले नऊ दिवस खोली शोधण्यात गेले. एका घरमालकिणीनं शाकाहारी की मांसाहारी ते विचारलं, भाडं ठरलं, किल्लीही दाखवली. मग पावतीसाठी नाव विचारलं. नाव सांगितल्यावर तिचा मुलगा अचानक परदेशातून परत येणार निघाला आणि खोली त्याला लागणार होती. असे दोन मुलगे त्या आठवड्यात परदेशातून आले. शेवटी जागा मिळाली ती जोगिणींनी चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहात. वॉर्डन सिस्टर केरळच्या, ठेंगण्या आणि फार कडक. त्यांनी माझं नाव वहीत लिहिलं आणि विचारलं, "तुमचा उपवासाचा महिना कधी येतो?" मला वाटलं, आता काहीतरी अडचण सांगणार. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराला रात्री नऊला कुलूप लागतं. त्या महिन्यात एक किल्ली तुमच्याकडे राहील."

विद्यापीठात दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. वर्गात फळ्याच्या वर क्रूस होता. सगळे उभे राहायचे, मीही राहायचे आणि मनात दरूद म्हणायचे. पहिला महिना मला हे म्हणजे चोरी वाटायची. मग लक्षात आलं की बाजूची आयंगार मुलगी त्या वेळात सकाळच्या बसचे पैसे मोजते. मला कुणी बाटवायला आलं नाही. एका वर्गमैत्रिणीनं मात्र नवा करार भेट दिला, आणि तोही मराठीत. बंगळुरूत तो शोधायला तिला बरीच पायपीट करावी लागली असणार. मी तो घेतला आणि वाचलाही. हजरत ईसा आणि बीबी मरियम आम्हाला परके नाहीत, हे तिला सांगितलं तेव्हा ती खरोखर चकित झाली. कुरआनात मरियमच्या नावाची पूर्ण सूरह आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मला काय ठाऊक होतं? कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांत फरक काय, हे मिशनच्या हॉस्पिटलात जन्मूनही मला बंगळुरूला जाऊन कळलं.

सगळं गोडच होतं असंही नाही. नाताळला भरपूर सुटी, आणि रमजान ईदच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी परीक्षा. हजेरीचा नियम तर असा की ताप आला तरी वर्गात येऊन फणफणावं. मी विभागात अर्ज केला. नियम सर्वांना सारखे, असं उत्तर आलं. नियम करणाऱ्याच्या सणाला नियमाची झळ लागत नाही, हे मला त्या उत्तरानं शिकवलं. सामाजिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ते इतक्या थोडक्यात कुठं सापडलं नाही.

त्या वर्षी गणेशचतुर्थी आणि रमजानची सुरुवात लागोपाठच आली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिरजेत अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, मग सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. घरचा फोन लागेना. मी वसतिगृहाच्या टीव्हीसमोर बसले होते आणि राष्ट्रीय वाहिनीवर माझ्या शाळेच्या रस्त्यावरची जळकी टायरं दिसत होती. इफ्तारची वेळ होऊन गेली ते कळलं नाही. सिस्टरनी खजूर आणून हातात ठेवला. रात्री एकला अब्बांचा फोन लागला. म्हणाले, "ठीक आहोत. तुझ्या फुप्पूला मात्र समजावता येत नाही. ती म्हणते, बघा, मी सांगत होते ना, माणसं आपल्याबद्दल बोलतायत, मारायला येतायत."

मी फोन ठेवला. आजपर्यंत तिला भास व्हायचे. त्या रात्री तिचं म्हणणं खरं होतं.

त्याच सत्रात आम्हाला मुझफ्फर शेरीफ शिकायला होता. हा तुर्कस्तानात, ओदेमिश गावी १९०६ साली जन्मलेला मुसलमान घरचा मुलगा. इझमिरला अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेल्या इंटरनॅशनल कॉलेजात तो शिकला. १९१९ मध्ये ग्रीक फौज इझमिरला उतरली आणि त्या भागात शेजारी शेजाऱ्याला मारू लागला, तेव्हा तो कोवळ्या वयाचा होता. पुढे हार्वर्ड आणि कोलंबियात शिकला, तुर्कस्तानात परत गेला, नाझी विचारांविरुद्ध लिहिलं म्हणून १९४४ मध्ये त्याला अटक झाली, आणि सुटल्यावर तो कायमचा अमेरिकेला गेला. एक मुसलमान मुलगा मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकतो आणि माणसं एकमेकांची वैरी का होतात हाच प्रश्न आयुष्यभर सोडवत बसतो! त्याचं चरित्र वाचताना मला एकटं वाटेनासं झालं.

१९५४ साली ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात शेरीफनं अकरा-बारा वर्षांची २२ मुलं नेली. सगळी गोरी, सगळी प्रॉटेस्टंट, सगळी मध्यमवर्गीय, सगळी धडधाकट. त्यांचे दोन गट पाडले. मुलांनीच त्यांना रॅटलर्स आणि ईगल्स अशी नावं दिली. मग रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं अशा स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. नंतर शेरीफनं पाण्याची टाकी बंद पाडली, ट्रक बंद पाडला. दोघांनी मिळून जोर लावल्याशिवाय काम होईना, तेव्हा वैर निवळत गेलं. दोघांचं समान उद्दिष्ट असलं की वैर विरतं, असा त्याचा निष्कर्ष.

वर्गात सगळ्यांना हा प्रयोग फार आवडला. मी हात वर केला. म्हटलं, आमच्या मिरजेत टँकर येतो तेव्हा हिंदू-मुसलमान एकाच रांगेत घागरी भरतात. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसाला दोघं जातात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथंच दफन आहेत आणि त्यांच्या नावानं होणाऱ्या संगीतसभेत कोण कोणत्या धर्माचा ते कुणी विचारत नाही. सतारमेकर गल्लीतली मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या ज्या सतारी करतात, त्यांच्यावर सरस्वतीपूजन होतं. शेरीफची टाकी आणि शेरीफचा ट्रक आमच्याकडे आधीपासून आहेत, तरी झेंडे जळले. बाईंनी विचारलं, मग तुझं मत काय? मी म्हटलं, प्रयोगात गट पाडणारे आणि बक्षीस लावणारे कोण होते ते पाहा. मुलं नव्हती. मिरजेत दंगल झाली तेव्हा विधानसभेची निवडणूक महिना-दीड महिन्यावर आली होती. तेव्हाही मी यापेक्षा जास्त बोलले नाही, आताही लिहीत नाही.

पुढे २०१८ मध्ये जीना पेरी यांचं शेरीफवरचं पुस्तक आलं. त्यातून एक गोष्ट जगापुढे नीट आली. रॉबर्स केव्हच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथं त्यानं असाच प्रयोग केला होता. तिथं मुलं आधी एकत्र राहिली, मित्र झाली, आणि मग त्यांना तोडलं. शिबिराच्या माणसांनी किती काड्या लावल्या तरी ती भांडेनात. कुणीतरी आपल्याला लढवतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. प्रयोग गुंडाळावा लागला. माझ्या पाठ्यपुस्तकात ही मुलं नव्हती. असती, तर त्या दिवशी मी वर्गात वेगळं बोलले असते कदाचित.

आता फादरांविषयी. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त शिकवायला एक फादर होते, पन्नाशीचे, पांढऱ्या झग्यातले, आवाज इतका बारीक की मागच्या बाकावर ऐकू येत नसे. फ्रॉइडनं १९२७ मध्ये 'द फ्यूचर ऑफ ॲन इल्यूजन' लिहिलं. धर्म म्हणजे माणसाच्या बालपणीच्या असहायतेतून आलेली इच्छापूर्ती, साऱ्या मानवजातीचा जणू एक मनोविकार, असा त्याचा रोख. फळ्यावर क्रूस, समोर झग्यातला धर्मगुरू, बाकावर माझ्यासारखी रोजेदार. मला वाटलं, हे प्रकरण फादर पळवत नेणार. त्यांनी ते दोन आठवडे शिकवलं. फ्रॉइडची बाजू त्यांनी अशी मांडली की माझ्या पोटात गोळा आला. मी त्या आठवड्यात दोनदा नमाज मध्येच सोडली. आपण सज्द्यात नेमकं कुणापुढे वाकतोय, लहानपणी रागावणाऱ्या अब्बांपुढे तर नाही ना, असा विचार डोक्यात घुसला तर माणूस काय करणार?

मग त्यांनी ऑस्कर फिस्टरची गोष्ट सांगितली. फिस्टर हा स्वित्झर्लंडमधला प्रॉटेस्टंट पाद्री. १९०९ पासून फ्रॉइडचा मित्र, आणि स्वतः मनोविश्लेषण करणारा. मित्राचं पुस्तक आल्यावर त्यानं १९२८ मध्ये उत्तर लिहिलं. त्याचं नाव फ्रॉइडचंच शीर्षक उलटं करून ठेवलेलं, 'भविष्याचा भ्रम' अशा अर्थाचं. आणि ते छापलं फ्रॉइडच्याच नियतकालिकात. दोघांची मैत्री फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत टिकली. फादरांनी यावर काही भाष्य केलं नाही, पुस्तक मिटलं आणि गेले. मी मात्र बराच वेळ बसून राहिले. आमच्यात हमीद दलवाईंचं पुढे काय झालं, हयातीत त्यांना कोणकोणत्या दारांतून बाहेर काढलं गेलं, ते आठवत होते. आपल्याच वार्षिकात आपल्या श्रद्धेविरुद्धचा लेख छापायचा आणि पुढच्या अंकात उत्तर छापायचं, ही कुवत आपल्यात किती, हा प्रश्न मी या पानांच्या वाचकांसमोरही ठेवते. रागावू नये.

दुसऱ्या सत्रात फादरांनी रुग्णवृत्तान्त लिहायला सांगितला. तक्रार, आजाराचा इतिहास, कौटुंबिक पार्श्वभूमी, मनःस्थितीची तपासणी, निदान. मी फुप्पूवर लिहिलं. नाव बदललं, नातं लपवलं, 'कु. अ, वय ४१' असं केलं. आठ पानं एका रात्रीत झाली. स्किझोफ्रेनियाचे निकष एकेक करून लावले. आणि मग दर्गा, साखळी, कुटुंबाचं अज्ञान, भावाची निष्क्रियता, समाजाचं मागासलेपण. लिहिताना मला फार मोकळं वाटलं. दहा वर्षं ज्याला 'वो' म्हणत होतो त्याला नाव मिळालं होतं.

पेपर परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं दोन प्रश्न होते. ही बाई तुमच्या नात्यातली आहे का? तिला विचारलंत का?

मी त्यांच्या खोलीत गेले, चिडून. ते म्हणाले, "आठ पानांपैकी सहा पानं तुम्ही त्या भावाशी भांडता आहात. रुग्ण दोनच पानांत आहे. आणि त्या दोन पानांतही ती एकदासुद्धा बोलत नाही." मी म्हटलं, तिला साखळी घातली होती फादर. ते म्हणाले, "ते तुम्ही लिहिलंत. तिला तिथं काय वाटलं, ते नाही लिहिलं." मला दोन गोष्टींचा राग आला. माझी फुप्पू, माझं घर, आणि मी परवानगी मागायची? दुसरं म्हणजे, एक पाद्री दर्ग्याची बाजू का घेतोय? देवाच्या नावानं चालणारं सगळंच यांना झाकायचं असतं, असं मी मैत्रिणीला सांगितलं. आज ते आठवलं की लाज वाटते, पण म्हटलं होतं खरं.

शिवाजीनगरला मी आठवड्यातून एकदा जायचे. तिथं सगळीकडे दखनी कानावर पडायची, जवळजवळ आमच्या घरातलीच, फक्त शेवट थोडा वेगळा ओढलेला. तिथंच सेंट मेरीज बॅसिलिका. आत मरियमची मूर्ती साडी नेसलेली. त्या रागाच्या दिवसांत एकदा मी सहज आत गेले. मेणबत्त्यांपाशी एक आई बसली होती. शेजारी विशीतला मुलगा, स्वतःशी पुटपुटणारा. तिनं आपल्या ओढणीचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच्या. ओढणीवरून ती आमच्यातली वाटत होती. मी पाहतेय हे कळल्यावर ती म्हणाली, "भाग जाता बेटा, इसलिए." तिच्या पिशवीत निम्हान्सची फाईल होती. दवाखाना करून ती इथं आली होती, की इथून दवाखान्यात जाणार होती, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मला विद्यापीठात कुणी शिकवली नाही, आणि तो दोष ख्रिस्ती असण्याचा नव्हे. भारतातलं कुठलंही पाठ्यपुस्तक तेव्हा ते शिकवत नव्हतं. नवव्या शतकात बल्खजवळ जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात त्यांनी राग, भीती, दुःख आणि पिच्छा न सोडणारे विचार असे चार विकार वेगवेगळे मांडले. काही कारणानं येणारं दुःख निराळं आणि कारण सापडत नाही असं दुःख निराळं, हेही सांगितलं. डॉक्टर शरीराकडे पाहतात आणि मनाकडे पाहत नाहीत, ही तक्रारही त्यांचीच. हे मी वाचलं ते मलिक बद्री यांनी २०१३ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादात. बद्री सुदानचे. तेही मानसशास्त्र शिकले ते बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात, जे १८६६ साली मिशनऱ्यांनीच सुरू केलं होतं. १९७९ मध्ये त्यांनी मुसलमान मानसशास्त्रज्ञांच्या पेचावर पुस्तक लिहिलं. पश्चिमेचं मानसशास्त्र घोरपडीच्या बिळात शिरल्यासारखं डोळे मिटून घेऊ नका, असं ते सांगत. त्यांच्याशी माझं सगळंच पटत नाही. पण फ्रॉइड शिकताना नमाज सोडणारी मी पहिली नव्हते, एवढं त्यांच्यामुळे कळलं.

आज मी मिरजेत समुपदेशनाचं काम करते. येणाऱ्या दहांपैकी पाच-सहा जणी आधी कुठंतरी फुंकर घालून घेऊन आलेल्या असतात. मी त्यांना रागवत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' चाललं, तिथं मुजावरच आजारी माणसाला डॉक्टरकडे पाठवू लागले. तसं आपल्याकडे व्हावं म्हणून मी तीन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी चहा मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला साफ मनाई केली आहे. त्या कलमाची मराठी प्रत करून मी ती दोन दर्ग्यांत दिली. एका ठिकाणी ती भिंतीवर लागली, पण तिच्यावर नंतर उरुसाचं पत्रक चिकटलं.

तर, मे २०१० ची सुटी. फादरांनी पेपर 'अपूर्ण' म्हणून ठेवला होता. मी दुपारी फुप्पूच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, तुझ्यावर लिहिलंय, वाचून दाखवू का? ती म्हणाली, "पढ." इंग्रजीतलं ते सगळं मी दखनीत सांगत गेले. 'हॅल्युसिनेशन'पाशी अडखळले. ती म्हणाली, "आवाज बोल ना." पुढे दर्ग्याचा भाग आला. तिथं तिनं मला थांबवलं.

"ये सब गलत नई, पर आधा है," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. तिथं तिच्यासारख्या अकरा बायका होत्या. जेवण एकत्र व्हायचं. तिला तिथं कुणी पागल म्हटलं नाही, कारण सगळ्याच तशा होत्या. एका बाईला तिच्यासारखेच दोन माणसांचे आवाज ऐकू यायचे आणि दोघी रात्री ते ताडून पाहायच्या. सासरहून आल्यापासून तिच्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. साखळी दिवसा लागत नसे, ती रात्री लागे. कूस बदलता येत नसे. आणि लघवीला जायचं तर हाक मारावी लागे आणि हाकेला कुणी येत नसे. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं पायावरची साडी वर केली आणि वण दाखवला, जसा काही मी तो कधी पाहिलाच नव्हता.

"और तीन हफ्ते नई," ती म्हणाली. "सतरा रातां."

ओसरीवर अब्बा वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते ऐकतायत हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. ते तिथूनच म्हणाले, "सतराच. जुम्म्याच्या सकाळी सोडवलं." एवढंच. वर्तमानपत्र त्यांनी खाली केलं नाही. आमच्या घरात त्या गोष्टीविषयी अब्बांनी नऊ वर्षांत उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी सहा पानं ज्या माणसाशी भांडले होते, त्यानंही रात्री मोजल्या होत्या.

मी परवानगी मागितली. फुप्पूनं दिली, पण तिची एक तक्रार राहिली. "मेरा नाम कायको नई लिखी?" मी तिला गोपनीयतेचा नियम समजावला. तिला तो अजिबात पटला नाही. बेडी आपल्या पायात आणि नाव दुसरीचं, हा कुठला न्याय? बऱ्याच वादानंतर ती म्हणाली, खोटं नावच घालायचं असेल तर ते 'अ' वगैरे नको, ती सांगेल ते घाल.

जूनमध्ये मी फादरांना नवा पेपर दिला. आता तो अकरा पानांचा होता. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मागच्या वेळी 'अ' होती. आता 'मीनाकुमारी' कशी झाली?"

मी म्हटलं, "रुग्णाचा आग्रह आहे, फादर."

त्यांनी पेन्सिल घेतली, नावाखाली लिहिलेलं 'बदललेलं नाव' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'रुग्णानं निवडलेलं नाव'.